भेट द्यायचा हलका स्कार्फ: दोरा, सुया आणि वीण

स्कार्फ विणायचा म्हणून दुकानात आलात की आम्ही आधी रंग काढून दाखवत नाही. स्कार्फ कुणासाठी आणि ती व्यक्ती राहते कुठे, हे विचारतो. जत्रेला रात्रभर बसणाऱ्या फोंड्याच्या आजीला जो दोरा सुखाचा, तो लंडनच्या भाचीच्या काही कामाचा नाही.

गोव्यातच वापरायचा असेल तर चार पदरी सुती दोरा घ्या. ‘बेबी वूल’ म्हणून मिळणारा पुष्कळसा दोरा ॲक्रिलिकचा असतो. हाताला मऊ लागतो, पण घाम शोषत नाही आणि आपल्या हवेत मानेला चिकचिक होते. थंडीच्या गावी पाठवायचा असेल तर बारीक मेरिनो लोकर. महाग आहे, पण भेटीला शोभते. मात्र लोकर पावसाळ्यात इथे उघड्यावर ठेवू नका, कसर लागते.

दीड मीटर लांब आणि वीतभर रुंद स्कार्फला सुती दोरा १०० ग्रॅम पुरतो. सगळे गुंडे एकदमच घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते पाहा. पांढऱ्यातसुद्धा दोन लॉटमधला फरक उन्हात दिसतो.

सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिमीच्या. या दोऱ्याला एरवी बारीक सुया वापरतात, पण जाडसर सुईने वीण मोकळी येते आणि स्कार्फ हलका पडतो. घामेजल्या हातात धातूच्या सुयांवरून गुळगुळीत सुती दोरा सटकतो, म्हणून नवशिक्यांना आम्ही बांबूच्या देतो.

आता वीण. नुसती एक सुई (म्हणजे टाक्यांची एक ओळ) सुलट, एक सुई उलट विणलीत तर कडा सुरळीसारख्या वळतात आणि इस्त्रीनेही धड बसत नाहीत. त्यापेक्षा सोपी जाळी करा. ४२ टाके सैल हाताने घाला. पहिल्या चार सुया नुसत्या सुलट. मग प्रत्येक सुईला: पहिला टाका सुलट. त्यानंतर दोरा पुढे आणून सुईवरून घ्या आणि पुढचे दोन टाके एकत्र सुलट विणा, एवढेच पुन्हा पुन्हा शेवटच्या टाक्यापर्यंत, तो शेवटचा सुलट. उलटी-सुलटी बाजू सारखीच दिसते, त्यामुळे गळ्यात कसाही गुंडाळला तरी चालतो. दोऱ्याच्या वेढ्याने एक टाका वाढतो, जोडीने विणल्यावर एक कमी होतो. म्हणून सुई संपली की टाके ४२च हवेत. ४१ भरले तर कुठेतरी वेढा राहिला. तिथल्या तिथे शोधा, दहा सुया पुढे गेल्यावर जाळीत तो सापडणे कठीण.

यावर जुना उपाय आहे. दर वीसेक सुयांनी शिवणाचा वेगळ्या रंगाचा दोरा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून तसाच सोडा. पुढे काही बिघडले तर बिनधास्त उसवा. उसवण त्या दोऱ्यापाशी थांबते आणि टाके जसेच्या तसे परत सुईवर घेता येतात. स्कार्फ पुरा झाला की हे दोरे ओढून काढायचे. शेवटी पुन्हा चार सुया सुलट आणि टाके सैल बंद करा. इथे हात आवळला तर ते टोक आखडते.

सुईवरून उतरलेली जाळी चोळामोळा झालेली दिसते, त्यावर जाऊ नका. कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, आडवी पसरून हवी तितकी ताणा आणि कडांना न गंजणाऱ्या टाचण्या लावा. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवा. दोरीवर टांगू नका, ओल्या सुताच्या वजनाने स्कार्फ लांबत जातो. ॲक्रिलिक मात्र अशा भिजवण्याला दाद देत नाही, आणि त्यावर गरम इस्त्री तर नकोच.

भेटीसोबत धुण्याची सूचना लिहून द्या. दोऱ्याचे लेबल पाकिटात घातले तरी पुरे. लोकर असेल तर ‘मशीनमध्ये नको’ हे ठळक लिहा, नाहीतर आटून बाहुलीला होईल एवढा होतो.

न उघडलेले गुंडे बिल दाखवून परत करता येतात. जाळी शिकायला बसायचे असेल तर शुक्रवार सोडून या. म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी दुकानात उभे राहायलाही जागा नसते.