शी-शूचं ट्रेनिंग (विकासात मागे असलेल्या मुलांचं)

डाऊन सिंड्रोम, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा फाइलवर नुसतंच 'डिले' लिहिलेलं, अशा मुलाला शी-शू ठरलेल्या जागी करायला शिकवणं. घरात याला पॉटी ट्रेनिंग म्हणतात, स्पेशल स्कूलमध्ये टॉयलेट ट्रेनिंग.

बक्षीस देऊन शिकवायची ही पद्धत मुळात कोणाची, यावर मतं वेगळी आहेत. नाव बहुतेक वेळा नेथन ॲझरिन आणि रिचर्ड फॉक्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोडीचं येतं, १९७१ च्या त्यांच्या लेखामुळे. पण १९६३ मध्येच मानसशास्त्रज्ञ नॉर्मन एलिसने याच कामाची उद्दीपक (म्हणजे इशारा), प्रतिसाद (मूल जे करतं ते) आणि बक्षीस अशी मांडणी केली होती, त्यामुळे विचार एलिसचा आणि रीत ॲझरिन-फॉक्सची असं धरणं जास्त बरं. या रीतीत वापरलेलं, ओलं झालं की वाजणारं यंत्र तर त्याहून जुनं, मावरर दांपत्याने १९३८ मध्ये अंथरुण ओलं करणाऱ्या मुलांसाठी वापरलेलं, आणि काही जण ते आणखी मागे १९०४ च्या आसपास फाउंडलर या बालरोगतज्ज्ञापर्यंत नेतात, त्यांचा हेतू म्हणे फक्त नर्सला कळावं एवढाच होता. एक गोष्ट मात्र विसरली जाते, १९७१ चा तो प्रयोग मुलांवर नव्हताच, संस्थेत राहणाऱ्या ९ प्रौढांवर होता. भरपूर पाणी-सरबत पाजून शू वाढवायची, जागेवर केली की लगेच खाऊ आणि कौतुक, चड्डीत झाली की साफसफाई त्यालाच करायला लावायची. साधारण ४ दिवसांत चड्डीत होणं सुमारे ९० टक्के कमी झालं असं ते सांगतात. साफसफाईचा भाग शिक्षेसारखा होतो म्हणून आता बरेच जण गाळतात, आणि ते योग्यच.

दुसऱ्या टोकाला अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन. १९६२ मध्ये ११७० मुलांच्या नोंदींवरून त्यांचं म्हणणं, मूल तयार झालं की सुरू करा, घाई नको. पण विकासात मागे असलेल्या आपल्या मुलांच्या बाबतीत तयारीच्या सगळ्या खुणा दिसेपर्यंत थांबलं तर वर्षानुवर्षं थांबावं लागेल. मग वय सोडायचं आणि एवढंच बघायचं की मूल तास-दीड तास कोरडं राहतं का. त्यासाठी दोन-तीन दिवस दर अर्ध्या तासाला चड्डी तपासून वहीत लिहायचं, ओली की कोरडी, मधे काय प्यायलं. वेळा आपोआप दिसतात.

आपल्याकडे आजी बाळाला दोन्ही पायांवर बसवून 'शू शू' करते ते यातलंच. पाठीला आधार, गुडघे पोटाशी, आणि रोज तोच आवाज म्हणजे सिग्नल. स्नायू ढिले असलेल्या मुलाला नेमकं हेच लागतं. कमोडवर पाय लोंबकळले की त्याला जोरच करता येत नाही, तिथे पायाखाली लाकडी पाट ठेवला तरी फरक पडतो.

शिकवताना काम तुकड्यांत मोडतात आणि पुष्कळदा शेवटाकडून सुरू करतात, म्हणजे बाकी सगळं आपण करायचं, चड्डी कंबरेशी वर ओढायचा शेवटचा झटका फक्त मुलाचा, मग एकेक पायरी मागे. नाडी आणि बटणं बंद, इलॅस्टिकच. (कित्येकदा मुलाला कळलेलं असतं, हुकातच अडकतं बिचारं.) बोलता न येणाऱ्याला संडासातल्या पाण्याच्या मगाचा फोटो किंवा हाताची एक ठरलेली खूण, घरात आणि शाळेत तीच. ऑटिझममध्ये कित्येकदा फ्लशच्या आवाजाची भीती असते, तेव्हा मूल बाहेर गेल्यावर फ्लश करावा.

बद्धकोष्ठता असेल तर आधी डॉक्टर, कारण कडक शीने एकदा दुखलं की मूल धरून ठेवतं आणि मग कुठलीच पद्धत चालत नाही. ताप आला, घर बदललं की जमलेलं जातं, परत वही काढायची. रात्रीचं कोरडं राहणं वेगळंच, दिवसाचं बसल्यावरही ते खूप उशिरा येतं, तोवर गादीवर रबरी शीट.