सरकीच्या फुल्या आणि पडद्यावरचा आलेख

यवतमाळकडच्या आमच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावायची जुनी रीत अशी: आधी उभे काकर, मग आडवे काकर, आणि दोन्ही जिथे छेदतील त्या फुलीवर सरकी टोबायची. मधल्या जागेत दाणा पडत नाही.

१९८५ साली कॅसिओने एफएक्स-७०००जी हा बाजारात मिळणारा पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे पडद्यावर आलेख काढणारं गणनयंत्र, आणला, त्याचा पडदा म्हणजे असंच वावर. ९६ बाय ६४ ठिपके. नेहमीच्या मांडणीत एक्स उणे ४.७ पासून ४.७ पर्यंत जातो, दर ठिपक्याला ०.१ ने पुढे; वायही तसाच, ०.१ ने वर. यंत्र प्रत्येक एक्ससाठी वाय काढतं आणि जवळच्या फुलीवर दाणा टाकतं. एक्सच्या वर्गाचा आलेख घ्या. १.३ ला उत्तर येतं १.६९. तिथे फुलीच नाही, म्हणून दाणा १.७ वर. पुढचा १.४ ला, २.० वर. मधे दोन फुल्या रिकाम्या राहतात, त्या यंत्र भरून घेतं.

दहावीत आम्हीही हेच करायचो, फक्त पाच बिंदूंवर. बाकीचा वक्र हाताच्या भरवशावर. सहगुणक बदलला की नवा ग्राफ पेपर, आणि तो आणायला तालुक्याचं दुकान. यंत्रावर आकडा बदलायचा, बटण दाबायचं, वक्र फाकतो की आवळतो ते बघत बसायचं. खरी चैन ती.

१९९० चा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर टीआय-८१ खास शाळांसाठी होता. झेड-८० चिप, २ मेगाहर्ट्झ, वापरायला जेमतेम २.४ किलोबाइट जागा. गावच्या ग्रुपवरच्या 'शुभ सकाळ'च्या फोटोचा कोपराही त्यात मावायचा नाही! अमेरिकेत १९९५ पासून एपी कॅल्क्युलसच्या, म्हणजे शाळेतच द्यायच्या कॉलेज पातळीच्या कलनाच्या, परीक्षेत असं यंत्र लागूच लागलं. आपल्याकडे तेव्हा लॉग टेबलची पानं उलटली जात होती.

पण या यंत्राच्या डोळ्यावर विश्वास ठेवताना जपून. टॅन एक्स काढून बघा, कोन अंशांऐवजी रेडियनमध्ये. १.५ ला उत्तर सुमारे १४, आणि लगेच १.६ ला उणे ३४. मधे वक्र तुटलेला असतो, पण यंत्राला ते कुठून कळणार? ते रिकाम्या फुल्या भरायच्या सवयीने वरपासून खालपर्यंत सरळ उभी रेघ ओढून देतं. गणितात तशी रेघ नाहीच. टीआय-८१ वर 'डॉट' पद्धत निवडली की ती जाते, आणि पडद्यावर नुसती टोबलेली सरकी राहते.