अफर्मेटिव्ह थेरपी

समलिंगी, बायसेक्शुअल, ट्रान्स माणसांसोबत काम करताना त्यांची ओळख हा आजार न धरता केलेला मानसोपचार म्हणजे अफर्मेटिव्ह थेरपी. ही काही एकच ठराविक टेक्निक नाही, सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) करणारे पण ती करतात आणि नॅरेटिव्ह थेरपीवाले पण (ती पुढे येते), फरक एवढाच की "हा असा का झाला" हा प्रश्न इथे विचारलाच जात नाही, विचारतात ते हे की असं असल्यामुळे याला काय काय सोसावं लागलं.

हे नाव अमेरिकेत सायकॉलॉजिस्ट ॲलन मॅलियन यांनी १९८२ मध्ये वापरलं, पण पाया आधीचा. १९५७ मध्ये सायकॉलॉजिस्ट एव्हलिन हूकर यांनी गे आणि स्ट्रेट पुरुषांच्या मानसिक चाचण्या तज्ज्ञांपुढे ठेवल्या तर कोण कुठला हे त्यांना ओळखता येईना. १९७२ ला डॉ. जॉन फ्रायर हे सायकियाट्रिस्ट स्वतःच्याच व्यवसायाच्या परिषदेत मुखवटा आणि विग घालून, आवाज बदलणारा माइक लावून बोलले की मी गे आहे आणि मी सायकियाट्रिस्ट आहे. डॉक्टर असून तोंड झाकावं लागलं, यातच सगळं आलं. पुढच्याच वर्षी अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये.

मराठीत ही थेरपी करताना एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती इंग्रजी ट्रेनिंगमध्ये सापडत नाही. इंग्रजीत "आय" म्हटलं की झालं, आपल्याकडे "मी घरी जातो" की "मी घरी जाते" हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. ट्रान्स क्लायंट कधी कधी सेशनभर "जातो, करतो" बोलत राहतो आणि शेवटी उठताना हळूच "येते मी" म्हणते, तिथे थेरपिस्टने दचकायचं नाही, दुरुस्त तर अजिबात करायचं नाही, पुढच्या वेळी कसं बोलू ते साधेपणाने विचारायचं. तोवर "तू आलास का, आलीस का" यापेक्षा "तुम्ही आलात" बरं, त्यात लिंग येतच नाही.

ट्रॉमा, म्हणजे मनावर खोल राहून गेलेला आघात, हा या कामाचा मोठा भाग. कुणी घरातून हाकललेलं, कुणी शाळेत मार खाल्लेलं, कुणी ब्लॅकमेल झालेलं, आणि हे काहीच घडलं नाही तरी ऑफिसात पार्टनरचं नाव बदलून सांगायचं, सतत सावध राहायचं, याचा साचत जाणारा ताण असतोच, संशोधक इलान मेयर त्याला मायनॉरिटी स्ट्रेस (अल्पसंख्य असण्याचा ताण) म्हणतात. ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधले डेव्हिड एपस्टन यांची नॅरेटिव्ह थेरपी इथे फार उपयोगी पडते, कारण तिच्यात माणूस आणि प्रॉब्लेम वेगळे धरतात. क्लायंट म्हणतो माझ्यातच खोट आहे, तर थेरपिस्ट विचारते ही लाज घरात पहिल्यांदा कधी आली, कोणी आणली, ती नसते तेव्हा तुम्ही कसे असता. फ्रान्सीन शपिरो यांची ईएमडीआर ही ट्रॉमावरची थेरपी वेगळी, तिच्यात त्रासदायक आठवण मनात धरून थेरपिस्टचं डावी-उजवीकडे हलणारं बोट डोळ्यांनी फॉलो करायचं असतं. पीटीएसडीसाठी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तिची शिफारस केली. पण क्लायंट अजून मारणाऱ्या घरातच राहत असेल तर जुन्या आठवणी उकरायची घाई नको, आधी झोपायला सुरक्षित जागा आणि फोन करता येईल असं एक तरी माणूस लागतं.

याच्या अगदी उलट म्हणजे कन्व्हर्जन थेरपी, माणसाची ही ओळखच बदलायचा प्रयत्न: शॉक, औषधं, "लग्न करा म्हणजे नीट होईल". ती उपचार नाहीच, ती इजा आहे. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभावाला मनाई केली, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी निकालाआधी स्वतः सायकॉलॉजिस्टसोबत सेशन घेतलं, विषय समजून घ्यायला, आणि मग कन्व्हर्जन थेरपीवर बंदीचे निर्देश दिले. २०२२ मध्ये डॉक्टरांचं नियमन करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने तिला डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

मुंबईची मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था २०१९ पासून थेरपिस्टना क्वीअर (समलिंगी, बायसेक्शुअल, ट्रान्स वगैरे सगळ्यांसाठीचा शब्द) अफर्मेटिव्ह काउन्सेलिंगचं ट्रेनिंग देते. तरी अपॉइंटमेंट घेताना फोनवरच सरळ विचारावं की क्वीअर क्लायंटसोबत काम केलंय का, घरच्यांना माझ्या परवानगीशिवाय काही सांगाल का. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जावं.