तिकीट नाही, मग उमेदवारीही नाही?

“पक्षाचं तिकीट असेल तरच नगरसेवकपदासाठी उभं राहता येतं,” हा समज नाशिकमध्ये पंचवटीपासून सातपूरपर्यंत वर्षानुवर्षं ऐकू येतो. तो चुकीचा आहे. नाशिक महापालिकेच्या मतदार यादीत नाव, वय किमान २१ आणि कायद्यानं अपात्र नसणं, एवढ्यावर अपक्ष अर्ज भरता येतो. चिन्ह मुक्त, म्हणजे कुठल्याही पक्षासाठी न राखलेल्या, चिन्हांतून मिळतं. पदवीची अट नाही. थकलेली घरपट्टी-पाणीपट्टी मात्र आधी भरा.

बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, म्हणून मोठे, त्यामुळे अपक्षाला प्रचार जड जातो, हे खरं. पण ती अडचण आहे, मनाई नव्हे. १२२ पैकी निम्म्या जागा महिलांच्या आहेत! पाण्यासाठी, कचऱ्यासाठी विभागीय कार्यालयात खेटे घालणाऱ्या ताईंनी यादीतलं आपलं नाव आजच तपासावं.