लाल्याचं फूल आणि ‘नदारद’ : फारसी युद्धकवितेची पार्श्वभूमी

सप्टेंबर १९८० मध्ये पेटलेलं इराण-इराक युद्ध ऑगस्ट १९८८ पर्यंत चाललं. इराणमध्ये त्याला ‘पवित्र संरक्षण’ म्हणतात, आणि त्या युद्धावरच्या फारसी कवितेलाही तेच नाव पडलं. पोवाड्यावर वाढलेला मराठी वाचक तिच्यात डफाची थाप शोधतो. हाती लागते ती बहुतेकदा गझल आणि चार ओळींची रुबाई.

याची मुळं फार जुनी. फारसी गझलेतला आशिक शतकानुशतकं प्रेमापायी रक्त सांडत आलाय. ९२२ साली बगदादमध्ये ठार मारलेला सूफी मन्सूर हल्लाज तर फासाला मिठी मारणारा प्रियकरच ठरला. लाला हे लाल रानफूल, बुडाशी काळा डाग. म्हणजे पोळलेलं काळीज. करबलाच्या लढाईत मारल्या गेलेल्या इमाम हुसेनचा शोक त्यात मिसळला. इराणमधल्या १९०६ च्या राज्यघटनेच्या चळवळीत प्रेयसीच्या जागी देश आला. कवी आरिफ कझवीनीच्या गाण्यात तरुणांच्या रक्तातून लाला उगवला. फर्रुखी यझदीने राजकारण थेट गझलेत आणलं. त्याचे ओठ सुईदोऱ्याने शिवले गेले आणि १९३९ मध्ये तो तेहरानच्या तुरुंगात मेला.

म्हणजे युद्ध आलं तेव्हा शब्द तयारच होते. धोकाही तिथेच होता. मरण इतकं सुंदर करून ठेवलेलं, की मेलेला पोरगा दिसेनासा व्हावा. आघाडीवरच्या पुष्कळ कवितेचं तसं झालं, असं मला वाटतं.

कवी कैसर अमीनपूर (१९५९–२००७) मात्र अडखळला. तो इराकला लागून असलेल्या खुझिस्तान प्रांताचा, जिथल्या देझफूल शहरावर क्षेपणास्त्रं कोसळत होती. युद्धावर कविता लिहायला बसलो आणि जमेना, लेखणी खाली ठेवावी, अशीच त्याची प्रसिद्ध कविता सुरू होते. मग ती गल्लीत उतरते. शत्रूच्या वटवाघळांना, म्हणजे विमानांना, फटीतला उजेडही खपत नाही, म्हणून खिडक्या झाकायच्या. भिंतीचाही आधार उरलेला नाही. ती उभी कबर आहे.

सीमीन बेहबहानी (१९२७–२०१४) सरकारी कवींच्या गोतावळ्यातल्या नव्हत्या. त्यांच्या एका गझलेत एक पाय गेलेला तरुण येतो. वीस वर्षांचाही नसेल. पँटचा एक पाय दुमडलेला, नजरेत आग, काठीची टकटक. इथे लाला नाही, करबला नाही. रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्द, आहे ‘नदारद’. फारसीत त्याचा अर्थ ‘त्याच्याकडे नाही’, आणि मराठीत आपण तोच शब्द गायब या अर्थाने वापरतो. शेर संपतो तिथे दर वेळी हा नकार येतो, त्या रिकाम्या पँटसारखा. कवयित्री आधी तोंड फिरवते. शेवटी बोलावं म्हणून त्याच्याकडे वळते, तर जागा रिकामी असते.