सोन्याच्या मुलाम्यातला पारा

सोळाव्या लुईच्या काळातील फ्रेंच कपाटांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरतात, तेव्हा त्यांच्याखाली ‘अस्सल सोन्याने मढवलेले’ असे हमखास लिहिलेले असते. कडांवरची पाने-फुले, किल्लीच्या छिद्राभोवतीची वेलबुट्टी, कपाटाच्या पायांना चढवलेली धातूची टोपणे हे सारे सोन्यासारखे दिसते खरे; परंतु ते असते ओतीव तांबे-जस्ताचे, म्हणजे पितळेच्या जवळचे संमिश्र, आणि त्यावरील सोन्याचा थर असतो जेमतेम काही मायक्रोमीटर जाडीचा. केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रोमीटर धरली, तर हे सोने किती पातळ असते याची कल्पना येईल.

या वस्तूंचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक पुढे ब्रिटनमधील उमराव ठरले. क्रांतीनंतर १७९३-९४ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यातील सामानाचा लिलाव झाला, तो सतरा हजारांहून अधिक गटांत. मात्र ही आवड त्याआधीच रुजली होती, कारण दोमिनिक दागेर या पॅरिसच्या व्यापाऱ्याने प्रिन्स ऑफ वेल्सचे, म्हणजे ब्रिटिश युवराजाचे, लंडनमधील निवासस्थान कार्लटन हाउस १७८०च्या दशकातच सजवायला घेतले होते. हाच राजपुत्र चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आल्यावर त्याने १८२५ मध्ये झां-आंरी रीझनेर या कारागिराने घडवलेले दागिन्यांचे भव्य कपाट विकत घेतले. हर्टफर्डच्या चौथ्या मार्क्विसने जमवलेला फ्रेंच ऐवज आज लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात आहे. स्कॉटलंडमधील हॅमिल्टनच्या ड्यूक घराण्याचा संग्रह १८८२ मध्ये विकला गेला, तेव्हा रीझनेरने सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी केलेल्या दोन वस्तूंना प्रत्येकी ९,४५० पौंड मिळाले.

आता मुलाम्याकडे वळू. सोने वितळवून ओतीव नक्षीवर फासता येत नाही, कारण ते १०६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि खालचे संमिश्र त्याच्या आधीच पाणी पाणी होऊन जाते. येथे पारा मदतीला येतो. सोन्याचा बारीक चुरा तापवलेल्या पाऱ्यात टाकला की दोहोंचे पारदमिश्रण तयार होते. ते मऊ कातड्यात घालून पिळले की जास्तीचा पारा बाहेर पडतो आणि आत लोण्यासारखा गोळा उरतो. तो थेट धातूवर नीट बसत नाही, म्हणून आधी धातूवर पाऱ्याचे नायट्रेट लावतात. तांबे हे पाऱ्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ते स्वतः द्रावणात उतरते आणि त्याच्या जागी पृष्ठभागावर पाऱ्याची चंदेरी त्वचा येते. तिच्यावर गोळा तारेच्या ब्रशने पसरून वस्तू कोळशाच्या आचेवर धरतात. पारा ३५७ अंशांना उकळतो. तो वाफ होऊन निघून जातो, आणि सोने मागे राहते. त्यातले काही अणू खालच्या धातूत शिरलेले असतात, त्यामुळे हा थर वर्खासारखा सुटून येत नाही.

(पाऱ्यापासून सोने करून दाखवणाऱ्या भोंदूंचे भांडवलही हेच. आधीच सोने विरघळवलेला चंदेरी पारा भक्तांसमोर तापवला की तळाशी सोने ‘प्रकट’ होते. जितके आत होते तितकेच, गुंजभरही अधिक नाही.)

भट्टीतून निघालेले सोने मंद आणि सच्छिद्र असते. त्याला अकीकाच्या दगडाने घासून झिलई दिली की पृष्ठभाग आरशासारखा सपाट होतो. ज्या भागाला झिलई नको तेथे सोरा, मीठ व तुरटी यांचे मिश्रण लावून वस्तू पुन्हा तापवत आणि मग थंड पाण्यात बुडवत. यातून सुटणारा क्लोरीन सोन्याला अत्यंत बारीक खडबडीतपणा आणतो. या मंद मुलाम्याचे श्रेय प्येर गूतिएर या पॅरिसच्या कारागिराला दिले जाते. खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश एका खळग्यातून दुसऱ्या खळग्यात आपटत बाहेर येतो. प्रत्येक आपटीत सोने त्यातला निळा अंश शोषून घेते, म्हणून रंग अधिक गडद भासतो. झिलईच्या जागी मात्र मेणबत्तीची ज्योत जशीच्या तशी दिसते आणि पाहणारा हलला की तीही सरकते. एकाच पानाची शीर चकाकणारी आणि पाते मंद ठेवण्यात कारागिराचे खरे कसब होते. विजेच्या सपाट उजेडात ते निम्मे वाया जाते.

निघून गेलेला पारा जात होता तो मुलामा देणाऱ्यांच्या फुप्फुसांत. हात थरथरणे, हिरड्या सुजणे हे या धंद्याचे नेहमीचेच रोग होते. ब्राँझकाम करून घेणारा राव्रिओ १८१४ मध्ये वारला, तेव्हा त्याने यावर उपाय शोधणाऱ्यासाठी ३,००० फ्रँकचे बक्षीस मृत्युपत्रात ठेवले. ते १८१८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ दार्से याला मिळाले, वाफ वर ओढून नेणाऱ्या धुराड्याच्या भट्टीसाठी.

सगळा पारा मात्र उडत नाही. थोडा सोन्यातच अडकून राहतो, आणि क्ष-किरणांचा झोत टाकल्यावर त्याचे अणू आपली ठरावीक ऊर्जेची किरणे बाहेर टाकतात. त्यामुळे १८४०नंतर रूढ झालेला विजेचा मुलामा जुन्या मुलाम्यापासून वेगळा ओळखता येतो. परंतु पाऱ्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातही चालूच होती, म्हणून लिलावाच्या जाहिरातीत ‘पारा सापडला, म्हणजे वस्तू राणीच्या काळची’ असे लिहिलेले दिसल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. पारा मुलामा कसा दिला ते सांगतो, केव्हा दिला ते सांगत नाही.