नाशिकहून मोंबासाला गेलेले मास्तर

सुट्टीत दोन-तीन आठवडे केनियातल्या किंवा युगांडातल्या एखाद्या चर्चच्या शाळेत जायचं, भिंतींना रंग द्यायचा, मुलांना इंग्रजी गाणी शिकवायची, निघताना डोळे पुसायचे आणि घरी परतायचं. अमेरिका-ब्रिटनमधल्या चर्चमंडळींत हा प्रकार आता चांगला रुळलाय. त्याला ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. या सेवेचं मूळ शोधत मागे गेलं, तर एक वाट लंडनला जाते आणि दुसरी थेट नाशिकच्या शरणपूर रोडवर येऊन थांबते.

चर्च मिशनरी सोसायटी १७९९ साली लंडनमध्ये स्थापन झाली. तिचा जर्मन मिशनरी योहान क्राफ १८४४ मध्ये आजच्या केनियाच्या किनाऱ्यावरच्या मोंबासाला पोचला. काही महिन्यांतच त्याची बायको आणि तान्ही मुलगी तापानं गेली. तरी तो राहिला. १८४६ मध्ये रेबमान हा दुसरा मिशनरी त्याच्या जोडीला आला आणि दोघांनी जवळच राबाईला ठाणं मांडलं. क्राफनं स्वाहिलीचं व्याकरण लिहिलं, बायबलचे भाग भाषांतरित केले. त्याच्याकडे शिकायला मात्र फारसं कोणी येईना. परक्या माणसाच्या पुस्तकाशी गावाला काय देणंघेणं?

राबाईला खरी माणसं मिळाली ती हिंदी महासागराच्या या काठावरून. ब्रिटिश आरमार गुलामांची वाहतूक करणारी गलबतं पकडायचं. सुटका झालेल्या पोरांना पुन्हा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडणं म्हणजे त्याच बाजारात सोडणं, कारण तिथल्या झांझिबार बेटावर गुलामांची उघड विक्री चाले. म्हणून अनेकांना मुंबईला आणत. त्यातली बरीच मुलं नाशिकजवळच्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीत पाठवली गेली. विल्यम प्राइस या मिशनऱ्यानं ती १८५० च्या दशकात वसवली होती. तिथं मुलं लिहा-वाचायला शिकली आणि सुतारकाम, लोहारकामही शिकली. वर्गात इंग्रजी, बाहेर मराठी आणि हिंदुस्तानी. पुढे पूर्व आफ्रिकेत त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ किंवा नुसतं ‘नासिक बॉइज’ म्हणू लागले.

१८६४ मध्ये विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना राबाईला धाडण्यात आलं. तेव्हा त्यांच्यासोबत परतीचं तिकीट नव्हतं. पुढच्याच वर्षी आफ्रिकेचा अंतर्भाग धुंडाळणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन नव्या मोहिमेची जमवाजमव करायला मुंबईत आला आणि त्यानं नाशिकची नऊ मुलं बरोबर घेतली. काही वर्षांनी त्याच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीत जेकब वेनराइट होता, तोही नाशिकचाच. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं. देहाला मीठ लावून तो उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि खांद्यावरून समुद्रापर्यंत नेला. या प्रवासाला जवळपास नऊ महिने लागले. पुरताना प्रार्थना जेकबनं वाचली आणि झाडावर नाव-तारीखही त्यानंच कोरली. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनचं दफन झालं, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब एकटाच आफ्रिकन होता.

लिव्हिंगस्टनच्या मृत्यूनं इंग्लंडात मिशनच्या कामाला उधाण आलं. बार्टल फ्रिअर, आपल्याकडचे मुंबईचे माजी गव्हर्नर, १८७३ मध्ये झांझिबारला वाटाघाटींना गेले होते. त्याच वर्षी सुलतान बरगशनं तह करून गुलामांचा बाजार बंद केला. आता सुटका झालेल्यांना ठेवायला जागा हवी होती, म्हणून १८७५ च्या सुमारास मोंबासासमोर ‘फ्रिअर टाउन’ वसलं. वसवायला बोलावलं कोणाला, तर शरणपूरच्याच प्राइसला. नाशिकची मंडळी शिक्षक, सुतार, दुभाषे म्हणून तिथं आली. शाळा, चर्च आणि एक घंटा. गुलामांचे व्यापारी चाल करून आले की ती वाजवायची.

इथून गोष्ट जरा कडवट होते. वर्ग चालवायचे नाशिकवाल्यांनी आणि हुकूम चालायचा नव्यानं आलेल्या गोऱ्या अधीक्षकांचा. पगार आणि मान दोन्ही कमी. एका अधीक्षकाच्या काळात वस्तीतल्या लोकांना फटक्यांची शिक्षा इतकी झाली की १८८१ मध्ये चौकशी लागली. जोन्सला धर्माधिकाराची दीक्षा मिळाली ती १८८५ मध्ये, म्हणजे राबाईला धाडल्यावर एकवीस वर्षांनी. पळून आलेल्या गुलामांना तो राबाईत आसरा देत राहिला. त्यावरून मालकांनी एवढा गदारोळ केला की शेवटी तिथला कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश कंपनीनं भरपाई मोजली आणि चौदाशेच्या आसपास माणसांना मोकळं केलं.

पुढच्या पिढीत शाळेची हवा आतल्या मुलखात पसरली. युगांडात ‘वाचक’ या शब्दाचा अर्थच ख्रिस्ती असा झाला. शाळा हवी तर धर्म घ्या, हा सौदा बहुतेकांना कळत होता आणि बरेच जण तो डोळे उघडे ठेवून करत होते. १९२९ मध्ये केनियाच्या किकुयू मुलखात मुलींच्या खतन्याला मिशननं विरोध केला आणि त्यावरून बिनसलं, तेव्हा पालकांनी पोरं काढून घेतली आणि स्वतःच्या शाळा उभ्या केल्या. ख्रिस्ती, पण मिशनच्या नव्हेत. १९५२ नंतर ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माउ माउच्या उठावात सरकारनं त्यातल्या बऱ्याच बंद पाडल्या. मिशनच्या शाळा मात्र सुरू राहिल्या, आणि स्वातंत्र्यानंतर राज्य चालवणारे अनेक जण त्याच शाळांतून आले.

१९६८ च्या शिक्षण कायद्यानं केनियात या शाळा सरकारी व्यवस्थेत गेल्या. चर्च उरलं ते ‘प्रायोजक’ म्हणून. शिक्षकाचा पगार सरकार देणार, मुख्याध्यापक नेमताना चर्चचं मत घ्यायचं. आजही यावरून तिथं ओढाताण चालते.

मग दोन आठवडेवाले आले कधी? जेट विमानं स्वस्त झाल्यावर. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘युथ विथ अ मिशन’ सुरू केलं. कल्पना अशी की पाळकाचं शिक्षण नसलेली तरुण पोरंही काही काळ जाऊन येऊ शकतील. पुढच्या वर्षी अमेरिकन सरकारनं पीस कोअर हे परदेशी जाणाऱ्या स्वयंसेवकांचं दल काढलं, ते धर्माशिवाय आणि दोन वर्षांच्या बोलीनं. चर्चनं मुदत आणखी आखडली. क्राफला नुसत्या समुद्रप्रवासाला जेवढे दिवस लागले, तेवढ्यात आता सगळी सेवा करून माणूस परत येतो.

फ्रिअर टाउनची घंटा अजून मोंबासात रस्त्याच्या कडेला उभी आहे, वाहनांच्या गराड्यात. स्वाहिलीत घंटेला केंगेले म्हणतात, म्हणून त्या भागाचं नाव केंगेलेनी, ‘घंटेपाशी’. जेकबबरोबर लिव्हिंगस्टनच्या मदतीला गेलेला नाशिकचा मॅथ्यू वेलिंग्टन त्याच शहरात म्हातारा झाला आणि १९३५ मध्ये तिथंच वारला.